वीतभर पाणी

2019 च्या पुरानंतर सांगलीत आमच्या गल्लीतल्या भिंतींवर छातीच्या उंचीला एक तपकिरी रेघ राहिली होती. दिवाळीला लोकांनी रंग दिले, तरी ओल आतून वर यायची आणि रेघ पुन्हा दिसायला लागायची. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट, पाणी 57 च्या वर गेलं होतं. त्या ऑगस्टनंतर कित्येक महिने मला नदीकडं बघवत नव्हतं. जिला जन्मभर माई म्हटलं तिच्याबद्दल मनात अढी धरून राहणं सोपं नसतं, तरी मी ती धरली होती. जानेवारीतल्या एका रविवारी आईच म्हणाली, "किती दिवस तोंड फिरवून बसणार आहेस? जा, निदान नमस्कार करून ये." म्हणून गेले. त्या सकाळी मला शेकाट्या पक्षी दिसला.

घाटापासून थोडं खाली, जिथं शहरातलं सांडपाणी नदीला मिळतं, तिथं पुरानं गाळाचा एक मोठा ओटा आणून टाकला होता. त्यावरून पाणी पातळ पसरलेलं, जेमतेम घोट्याएवढं. वर फेस. वास असा की ओढणी नाकाला लावल्याशिवाय थांबवेना. आणि त्या फेसातून सात पक्षी चालत होते. अंग पांढरंशुभ्र, पंख काळे, चोच काळी आणि सुईसारखी सरळ. पाय मात्र मी असे कधी बघितले नव्हते. कोकमाचं सरबत फिकं झालं की जो रंग येतो त्या रंगाचे, आणि अंगाच्या मानानं इतके लांब की पक्षी आधी आणि पाय नंतर जोडलेत असं वाटावं. एकानं पाय उचलला, पाण्याबाहेर आल्यावर बोटं मिटली, पाय पुढं नेला, बोटं उघडली, आणि पाणी न हलवता खाली ठेवला. पुन्हा दुसरा पाय तसाच. मी अर्धा तास उभी होते. नमस्कार करायचा राहूनच गेला.

तेव्हा मला त्याचं नावही माहीत नव्हतं. नंतर पक्ष्यांच्या पुस्तकात सापडलं, शेकाट्या. शास्त्रीय नाव हिमँटोपस हिमँटोपस, ग्रीक शब्दांवरून आलेलं. अर्थ चामड्याच्या वादीसारखे पाय असणारा. लिनिअसनं 1758 मध्ये त्याची नोंद केली तेव्हा त्यालाही आधी पायच दिसले असणार. वादी म्हणजे बैलाच्या गळ्यात घुंगरं बांधायची ती. हा शब्द मला फार आवडला, कारण वाळलेली वादी ताठ राहते आणि ओली झाली की लवते, आणि शेकाट्याचे पायही वाऱ्यात तसेच थोडे लवल्यासारखे वाटतात.

पायांबद्दल अजून सांगायलाच हवं. पक्षी असतो लांबीला कबुतराहून किंचित मोठा, वजनाला पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. आपल्या हातातल्या भरल्या चहाच्या कपाहून हलका. आणि पाय वीतभर. शरीराच्या मानानं यापेक्षा लांब पाय म्हणे फक्त रोहित पक्ष्याचे. पाय मध्येच मागं वाकतो तेव्हा बघणारा म्हणतो, याचा गुडघा उलटा आहे. तो गुडघा नसतोच, तो घोटा. खरा गुडघा वर पोटाच्या पिसांत दडलेला असतो. म्हणजे आपण ज्याला पाय म्हणतो त्यातला खालचा निम्मा भाग हा त्याचा लांबलेला तळवा आहे, आणि हा पक्षी जन्मभर चवड्यावर चालतो. पुढं तीनच बोटं. मागचं बोट, जे झाडावर बसणाऱ्या पक्ष्याला फांदी धरायला लागतं, ते याला नाही. शेकाट्या झाडावर बसत नाही. उडतो तेव्हा पाय शेपटीच्या मागं लांबच लांब सरळ धरतो, आणि खालून बघितलं तर पांढऱ्या बाणाला गुलाबी पिसारा लावल्यासारखं दिसतं. उडताना ओरडतो, किक् किक् किक्, बारीक आणि चिडक्या आवाजात.

नर-मादी ओळखायची असतील तर पाठ बघावी. नराची पाठ काळीभोर, उन्हात हिरवट झाक मारणारी. मादीची तपकिरी. डोक्यावरून ओळखायला गेलं तर फसायला होतं, कारण कुणाचं डोकं पांढरं, कुणाच्या मानेवर करडी छटा, कुणाच्या माथ्यावर काळा डाग. डोळे मात्र सगळ्यांचे लाल.

त्या हिवाळ्यात मी दर रविवारी जायला लागले. सात होते ते फेब्रुवारीत एकोणीस झाले, आणि एका सकाळी मी एक्केचाळीस मोजले. मी भावाला फोन करून सांगितलं, लॅबमधल्या मुलींना फोटो दाखवले. मनातली अढी सुटली म्हणणं जास्त होईल, पण नदीकडं जायला कारण मिळालं होतं. एवढे सुंदर पक्षी जिथं येतात ती नदी चांगलीच असणार, असं मी धरून चालले होते. हे मी इतक्या ठाम मनानं धरून चालले होते की त्या वासाचं काय करायचं हा प्रश्नच मला पडला नाही.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रोज सकाळी रक्ताच्या नळ्या येतात आणि मी हिमोग्लोबिन बघते. बारा, साडेअकरा, नऊ, साडेसहा. पंधरा वर्षांत हे आकडे एवढे बघितलेत की खेड्यावरून आलेल्या बाईच्या पापणीच्या आतली फिकट कड बघून साधारण अंदाज येतो. तर एका रविवारी शेकाट्या नेमकं काय टिपतात हे बघावं म्हणून मी एक रिकामी बाटली घेऊन गेले. ते उडून पलीकडं गेल्यावर त्यांच्या वाटेवरचा चमचाभर गाळ बाटलीत घेतला आणि घरी पांढऱ्या बशीत ओतला. गाळ खाली बसला तसं त्यात काहीतरी वळवळायला लागलं. दोऱ्याच्या तुकड्यांएवढ्या अळ्या, लालभडक. दुसऱ्या दिवशी एक अळी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. अंगात तांबडा रस स्पष्ट दिसत होता.

तो रंग हिमोग्लोबिनचाच. या अळ्या एका प्रकारच्या बिनचावऱ्या चिलटाच्या. जिथं पाण्यात घाण एवढी असते की ती कुजवण्यातच सगळा प्राणवायू खर्ची पडतो, मासे तग धरत नाहीत, बाकीचे पाणकिडे मरतात, तिथं या अळ्या जगतात, कारण उरलासुरला प्राणवायू धरून ठेवायला त्यांच्याकडं हा लाल रस आहे. शत्रू नाहीत, वाटेकरी नाहीत आणि खायला कुजका गाळ भरपूर, म्हणून त्यांची पैदास अफाट होते. आणि शेकाट्या त्यांच्यासाठी येतो. पाण्याच्या वरचे किडे टिपतो, गोगलगायी खातो, कधी डोकं डोळ्यांपर्यंत पाण्यात बुडवून तळ चाचपतो, पण नाल्याच्या तोंडाशी एक्केचाळीस शेकाटे जमतात ते या लाल अळ्यांच्या जिवावर.

म्हणजे मी जे मोजत होते तो घाणीचा आकडा होता. लॅबमध्ये मी रोज आकडा वाचून माणूस किती आजारी आहे ते ओळखते, आणि इथं आकडा वाढला म्हणून दहा जणांना आनंदानं फोन करत बसले होते. त्या संध्याकाळी मला खरंच अपराधी वाटलं.

आईला सांगितलं तर तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, आमच्या लहानपणी या घाटावरून घागर भरून आणायचो आणि तेच प्यायचो. फडक्यातनं गाळलं की झालं. मी तिला विचारलं, तेव्हा हे लाल पायांचे पक्षी होते का? तिनं बराच वेळ आठवलं. लहान मातकट पक्षी वाळूवर पळायचे, म्हणाली, पायाखाली येतात की काय वाटायचं इतके वाळूच्या रंगाचे, आणि पाण्यावर सूर मारणारे पांढरे पक्षी असायचे, काळ्या टोपीचे. हे लांब पायांचे आठवत नाहीत. मातकट म्हणजे चिखल्या असावेत आणि काळ्या टोपीचे नदीसुरय. दोघंही उघड्या वाळूवर अंडी घालणारे. वाळूच राहिली नाही तर त्यांनी घालायची कुठं? शहराचं सांडपाणी नदीत आणणाऱ्या शेरीनाल्याचं नाव सांगलीकरांना नव्यानं सांगायला नको, माझ्या शाळेच्या दिवसांपासून ते वर्तमानपत्रात आहे. वाळूच्या उपशाचंही तसंच. आणि बंधाऱ्यांमुळं नदी आता नदीसारखी उतरत नाही. हिवाळ्यात बंधारे अडवले की काठोकाठ पाणी उभं राहतं, उसाला उपसायला सोयीचं, पण काठाचा उथळ पट्टा त्यात बुडून जातो.

आणि शेकाट्याला लागतं ते नेमकं उथळच. वीतभर पाणी म्हणजे त्याचा सगळा मुलूख. त्याहून खोल झालं की पाय टेकत नाहीत, आणि कोरड्या जमिनीवर पाय अडचणीचे होतात. जमिनीवरचा किडा उचलायला त्याला घोट्यात वाकावं लागतं तेव्हा त्याचा तोल बघवत नाही. चिखल्या काठावरून पळतो, बगळा त्याच्याहून खोलात उभा राहतो, या दोघांच्या मधला जो पाण्याचा पातळ थर, तो एकट्या शेकाट्याचा. एवढ्याशा जागेसाठी देह असा घडलाय की दुसरीकडं कुठं त्याला शोभाच नाही. मग ती जागा जिथं मिळेल तिथं तो जाणार. नाल्यावर मिळाली तर नाल्यावर. घाण त्यानं केली नाही. हे कळायला मला बरेच रविवार लागले.

मधली दोन वर्षं कशी गेली ते सांगत नाही. लॅबमध्ये काम करणाऱ्या कुणालाही ती वर्षं आठवायला आवडत नाहीत. 2022 च्या मे महिन्यात मी मामाकडं गेले.

मामाचं गाव वाळवे तालुक्यात, नदीपासून दोन मैलांवर. त्याचं एक अडीच एकराचं रान आहे, काळं, खोल मातीचं. मी शाळेत असताना सुट्टीत जायचे तेव्हा त्यात ऊस असा असायचा की आत शिरलेला माणूस दिसायचा नाही. एकरी साठ टन पडायचा. मग तो कमी कमी होत गेला. पाणी भरपूर होतं, उपसा योजनेचं होतं, आणि ऊस पाण्याला नको म्हणत नाही असा सगळ्यांचा समज. काळ्या मातीतून पाणी लवकर खाली निचरत नाही. वर्षानुवर्षं पाट भरून पाणी दिल्यावर जमिनीखालचं पाणी वर वर चढत आलं, आणि उन्हाळ्यात वरची ओल उडून जाताना पोटातलं मीठ वर ठेवून गेली. सकाळी बघावं तर रानावर पीठ सांडल्यासारखं पांढरं. आमच्याकडं म्हणतात, रानाला मीठ फुटलं. क्षारपड हा सरकारी शब्द. कृष्णाकाठी अशी रानं हजारो एकर आहेत, आणि ती सगळी एकेकाळची उत्तम रानं.

2015 पासून मामानं त्यात काही लावलं नव्हतं. लव्हाळा माजलेला, बांधाला पाणकणीस, आणि मध्ये खोलगट भागात बारमाही पाणी, हातभरही नाही. मी बांधावर चहा पीत उभी होते आणि पाण्याकडून आवाज आला, किक् किक् किक्.

"तुझ्या काटक्या आल्यात बघ," मामा म्हणाला. नाव त्याला माहीत नव्हतं, त्यानंच पाडलेलं. "तीन सालं झाली. रान गेलं, पण पाखरं आली."

पाण्याच्या मध्ये तव्याएवढं एक उंचवटं होतं, त्यावर मादी बसली होती. बसलेला शेकाट्या बघण्यासारखा असतो, कारण ते पाय कुठं ठेवायचे हा प्रश्न त्यानं सोडवलेला असतो; दुमडलेले पाय मागं दोन काटक्यांसारखे बाहेर आलेले. ती उठली तेव्हा दुर्बिणीतून अंडी दिसली. चार. एका टोकाला निमुळती, चारही टोकं मध्ये आत वळवून ठेवलेली, मातकट हिरव्या रंगावर काळे डाग. दुर्बीण खाली केली की ती चिखलात नाहीशी व्हायची.

मी चार दिवसांसाठी गेले होते, अकरा दिवस राहिले. लॅबमध्ये खोटं सांगितलं नाही. सांगितलं की मामाकडं एक अंडी उबवायचं काम आहे. त्यांनी सुट्टी दिली.

मे महिन्यातलं ऊन. दुपारी बांधावर पाय ठेवला तर चपलेतून चटका लागायचा. आपण समजतो की पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला. त्या उन्हात उलटं होतं. अंडी उघडी राहिली तर आतला जीव शिजेल, म्हणून बसायचं ते सावली करायला. आणि सावलीही पुरत नसे. एक वाजता नर उठला, चार पावलं चालत पाण्यात गेला, घोट्यात वाकला, आणि पोट पाण्यात टेकवून अंग डोलवायला लागला. मला वाटलं आंघोळ करतोय. पाठीवर थेंबही घेतला नाही त्यानं. फक्त पोटाची पिसं भिजवली, निथळू न देता तसाच परत आला आणि अंड्यांवर बसला. काही वेळानं पुन्हा गेला. पुन्हा आला. एक ते दोन या तासात मी अकरा फेऱ्या मोजल्या. मग मादी आली. तिचं पोट ओलंच होतं. तो उठला, ती बसली, मध्ये अंडी उघडी राहिली ती मी तीन आकडे मोजेपर्यंत.

मामी जेवायला हाक मारत होती, मला उठवेना. मामी स्वतःच भाकरी बांधून घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तुझा मामा असाच ओलं फडकं घेऊन बसला होता. धाकट्याला ताप आलता तवा." एवढंच म्हणाली आणि भांडी घेऊन गेली.

सहाव्या दिवशी घोटाळा झाला. वरच्या शिवेच्या रानाला पाण्याची पाळी होती, रात्रभर पंप चालू राहिला, आणि ते पाणी जमिनीतून पाझरत मामाच्या खोलगटात उतरलं. सकाळी बघते तर उंचवट्याच्या कडेला पाणी लागलेलं. दोन बोटं अजून चढलं असतं तर अंडी भिजली असती. मी धावत मामाकडं गेले, मामा वरच्या रानाच्या मालकाकडं गेला. पण पाणी बंद केलं तरी आधी मुरलेलं यायचं थांबत नाही. आम्ही परत आलो तेव्हा दोन्ही पक्षी कामाला लागले होते. नर लव्हाळ्याच्या वाळक्या काड्या चोचीनं उचलून आणत होता आणि बाजूनं टाकत होता. मादी उठून उभी राहायची, काडी अंड्यांखाली सारायची, पुन्हा बसायची. कधी ओला चिखल, कधी मुळाचा तुकडा. दुपारपर्यंत घरटं चार बोटं वर आलं होतं. अंडी न हलवता खालून जमीन वाढवत नेली होती त्यांनी. पाणी चढलं, घरट्याच्या मध्यापर्यंत आलं आणि तिथं थांबलं.

पूर बघितलेल्या माणसाला ते बघताना काय वाटतं ते पूर बघितलेल्यालाच कळेल. आम्ही 2019 ला गव्हाची पोती टेबलावर ठेवली, टेबलावरून माळ्यावर, माळ्यावरून गच्चीवर.

दहाव्या दिवशी तीन पिल्लं निघाली. चौथं अंडं तसंच राहिलं. पिल्लू म्हणजे ठिपक्याठिपक्यांच्या मऊ लवेचा गोळा, आणि पाय आतापासूनच लांब. अंग वाळलं तशी ती उठली, अडखळली, आणि संध्याकाळच्या आत पाण्याच्या कडेला स्वतःची स्वतः टिपायला लागली. आई-बाप भरवत नाहीत. राखतात फक्त. एक भटकं कुत्रं बांधावरून उतरलं तर नर थेट त्याच्या डोक्यावरून ओरडत गेला, आणि मादी दुसऱ्या बाजूला जाऊन एक पंख लुळा पडल्यासारखा ओढत चालायला लागली. कुत्रं तिच्या मागं लागलं. पन्नास पावलं नेऊन ती उडाली. पिल्लं त्या वेळात लव्हाळ्यात चिखलाला चिकटून पडली होती. मी त्यांची जागा आधी बघून ठेवली होती तरी मला ती दिसेनात.

महिनाभरानं पिल्लं उडाली असं मामानं फोनवर सांगितलं. त्याच फोनवर म्हणाला, "पुढच्या उन्हाळ्यात पायपा टाकायच्या म्हणतोय."

माती तपासली होती, अहवाल त्यानं मला वाचायला पाठवला. सामू, म्हणजे पीएच, 8.9. मी रक्ताचे अहवाल वाचते, मातीचा पहिल्यांदाच वाचला, पण कशाला आजार म्हणतात ते कळत होतं. उपाय ठरलेला आहे: चार-साडेचार फूट खोल चर काढायचे, त्यात बारीक भोकांच्या पायपा गाळणीचं कापड गुंडाळून टाकायच्या, सगळ्या पायपा एका मोठ्या पायपेला जोडायच्या आणि तिचं तोंड ओढ्यात काढायचं. जमिनीखालचं पाणी पायपेत उतरतं, पावसाचं पाणी वरून मीठ धूत खाली जातं. ऐकायला सोपं. पण ओढा तीन रानांच्या पलीकडं, मोठी पायप त्यांतून न्यायची, आणि मध्ये एकानं नाही म्हटलं की सगळं अडतं. मामाला सगळ्यांची संमती मिळवायला आठ वर्षं लागली होती. वर कर्ज.

मी काय बोलणार होते? मामाची थोरली मुलगी त्या रानाच्या भरवशावर शिकायची होती आणि रान गेलं तेव्हा बारावीत थांबली. मी हे जवळून बघितलंय. तरी फोन ठेवल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आधी ते तव्याएवढं उंचवटं आलं, आणि मला स्वतःचा राग आला, आणि राग आला तरी ते उंचवटं डोळ्यांसमोरून हललं नाही. दोन्ही खरं होतं. अजूनही आहे.

मामानं चर एप्रिलच्या सुरुवातीलाच काढून घेतले, अंडी घालायच्या आधी. कुणी सांगितलं नव्हतं. "बसल्यावर मशीन घालाय नको," एवढंच म्हणाला. 2023 च्या मेमध्ये मी गेले तेव्हा खोलगट भागात भेगा पडलेल्या, लव्हाळा वाळलेला. मी रानाला पुरा वेढा घातला. एकही शेकाट्या नव्हता. त्या पावसाळ्यात मामानं जिप्सम टाकून धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक केलं आणि गाडलं. हिवाळ्यात गहू. गहू बरा आला. पुढच्या वर्षी सोयाबीन, आणि मग एका कोपऱ्यात, दहा वर्षांनी, ऊस. पाणी आता ठिबकनं देतो. मामी म्हणाली, लावणीच्या दिवशी मामा रानात एकटाच बसला होता बराच वेळ.

2025 च्या मार्चमध्ये मामा मला ओढ्याला घेऊन गेला. पायपेचं तोंड दाखवायला. सिमेंटच्या चौकटीतून हाताच्या मनगटाएवढी धार पडत होती, स्वच्छ, काचेसारखी. दगडांवर पांढरी किनार. मामानं ओंजळ धरली, एक घोट तोंडात घेतला, घोळवला आणि थुंकला.

"पैल्या वर्षी तोंडात धरवत नव्हतं," म्हणाला. "बघ तू."

मी बघितलं. ताकात मीठ जरा जास्त पडावं एवढं खारट.

धारेच्या खाली ओढा पसरट झाला होता. तिथं एक शेकाट्या उभा होता, एका पायावर, दुसरा पोटात ओढलेला. आमची चाहूल लागली तसा त्यानं तो खाली सोडला, बोटं उघडली आणि पाण्यात ठेवला. पाणी बरोबर वीतभर होतं. पाठ काळी होती, म्हणजे नर.

"एकटाच हाय," मामा म्हणाला. "जोडीदारीण कुठं गेली?"

ओढ्याच्या पलीकडं दुसऱ्याचं रान होतं. मधोमध पांढरं, कडेला पाणकणीस. तिथून आवाज आला, बारीक, चिडका, आणि आमच्या पुढ्यातला नर उडाला, पाय मागं सरळ लांबवून, आणि पाणकणसाच्या पल्याड उतरला.

"तिकडं अजून पायपा पडल्या न्हाईत," मामा म्हणाला. "यंदा तरी न्हाई पडायच्या." मग चप्पल हातात घेऊन ओढा ओलांडायला लागला. मीही दुर्बीण गळ्यात अडकवली आणि त्याच्या मागं पाण्यात पाय घातला.